सेवा आणि मृत्युभय

साथीच्या काळात सेवकाला मरणाचे भय वाटणे हा भ्याडपणा नव्हे. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हे १८९८ साली पुढे आले. २०२० च्या करोना साथीत मुखपट्टी होती, माहितीही होती. तरी कित्येक सेवकांना भय वाटलेच, आणि ते स्वतःपेक्षा घरच्यांसाठी अधिक.

म्हणून आम्हांस वाटते, की संस्थेने सेवकाला नुसते ‘भिऊ नका’ म्हणून धाडू नये. रोग कसा पसरतो ते शिकवावे, सोबती द्यावा, पाळीपाळीने विश्रांती द्यावी, त्याच्या घराची काळजी वाहावी. बोलून दाखविलेले भय सावधपणा शिकविते. दडपलेले भय हात आखडविते.