पुढच्या पाळीसाठी लिहून ठेव

पोरी, सोमवारी तू कारखान्यात रुजू होणार. नागपूरच्या ज्या लक्ष्मीनारायण संस्थेत तू केमिकल शिकलीस, तिथंच मीही शिकलो. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ती 1942 साली उभी राहिली. 1962 च्या चीन युद्धानंतर पदवीधरांना फौजेत आणीबाणीचं कमिशन मिळू लागलं. आपल्या मोझरीचे तुकडोजी महाराज सीमेवर जाऊन जवानांपुढं भजनं म्हणून आले, तेच ते दिवस. इकडं आमच्यासारखी पोरं भरतीला लागली. मी सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला जवान झालो, 1965 ची लढाई पाहिली, मग उरलेली नोकरी कारखान्यांत काढली. पुस्तकातलं तुला माझ्याहून जास्त येतं, ते सोडून देतो. बाकीचं ऐक.

सुरुंगाची नोंद

सुरुंग पेरायला कष्ट पडतात, पण उचलताना जीव मुठीत असतो. पेरणारी तुकडी एक, उचलणारी बहुधा दुसरीच. म्हणून पेरतानाच कागद तयार व्हायचा: कुठल्या खुणेपासून, कोणत्या दिशेला, किती पावलांवर, किती रांगा, रांगेत किती नग. खूण म्हणून झाड धरायचं नाही, कारण तोफेच्या एका गोळ्यात झाड नाहीसं होतं. विहीर, पुलाचा कठडा, मैलाचा दगड धरायचा. 23 सप्टेंबर 1965 ला शस्त्रसंधी झाली. पुढं त्याच जमिनीत शेतकऱ्याला नांगर घालायचा होता. शंभर पेरले आणि नव्याण्णव हाती आले, तर काम संपलं असं कुणी म्हणत नसे. उरलेला एक सापडेपर्यंत सुरुंगाच्या जागेभोवती बांधलेल्या पट्टीच्या आत पाय नाही.

पाळी देताना

कारखान्यातही हेच. लॉगबुकात ‘पंप ठीक’ असं लिहिणारे पुष्कळ भेटतील. तू असं लिही: ‘पंप बी बंद. सील गळतं. आत येणाऱ्या व्हॉल्व्हला कुलूप, किल्ली माझ्या नावावर परमिटच्या पेटीत. काम अर्धवट, सुरू करू नये.’ झालेलं काम कमी लिहिलं तरी चालेल, राहिलेलं मात्र एकही सोडू नकोस. पुढचा माणूस आला की त्याला वही वाचायला लाव आणि त्यानं सही केल्यावरच जाग्यावरून हल. कंपनीची बस सुटली तर सुटू दे.

6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या तळावर काय झालं, ते वाचून काढ. दिवसपाळीनं एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथं नुसती झाकणाची चकती बसवली होती. रात्रपाळीला ते कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच चालू केला. 167 माणसं गेली. दुरुस्तीच्या परमिटचा कागद भरलेला होता, पण लागला तेव्हा हातात नव्हता.

आत उतरण्याआधी

टाकी असो की वावरातली जुनी विहीर, आत पडलेल्याला काढायला दुसरा धावतो आणि दोघेही आतच राहतात. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नकोस. मोजल्याशिवाय उतरायचं नाही. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर मुळीच नाही. बाहेर उभ्या माणसाचं काम दोरी धरण्याचं आणि मदत बोलावण्याचं, आत उडी मारण्याचं नाही. वायू सुटला तर आधी वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघ आणि वाऱ्याला आडवी निघ.

आपल्या वावरातली केमिस्ट्री

इंजिनिअर झालीस म्हणजे गावात तुला विचारतील. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की फवारा थेट तोंडावर येतो. म्हणून वारा पाठीशी ठेवून, सकाळच्या गारव्यात, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फवारायचं. दुकानदारानं सांगितलं म्हणून तीन औषधं एकाच पंपात ओतायची नाहीत. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, तारेनं किंवा बारीक ब्रशनं साफ करायचं. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते विष सगळ्यात जहाल. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, रिकामा डबा तेला-पाण्याला वापरायचा नाही.

माणसाला गरगरलं, लाळ गळायला लागली, तर आधी कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबा सोबत घ्या. काही विषांवर ॲट्रोपीन चालतं, काहींवर नाही. डॉक्टरला नाव कळलं की वेळ वाचतो.

घरची फाईल

लढाईत असताना तुझ्या आजीला पत्र लिहायचो, त्यावर आकडा टाकायचो. चौथ्यानंतर सहावं आलं की तिला कळायचं, पाचवं वाटेत अडकलं आहे, नवरा नाही. त्या आकड्यानं तिची कितीतरी रात्रीची झोप राखली.

पुढं तोच नेम घरच्या कागदांना लावला. सातबारा, फेरफार, विमा, बँकेची खाती, गॅसचं पुस्तक, कुणाचं देणं-घेणं, सगळं एका फाईलमध्ये आणि वर एक यादी. खातं नवरा-बायको दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तेव्हा मृत्युपत्र वेगळं करून ठेवायचं. फौजी घरांत तर बायकोचं नाव आणि जन्मतारीख फौजेच्या कागदांवर, आधारवर आणि बँकेत अक्षरशः सारखी हवी. फरक असेल तर तो माणूस जिवंत असतानाच दुरुस्त करावा. मागं राहिलेल्या बाईला कुटुंब पेन्शनसाठी अमरावतीच्या चकरा माराव्या लागतात त्या अशाच एखाद्या अक्षरापायी.

सोमवारी लवकर जा. आधीच्या आठवड्याची लॉगबुकं मागून घे आणि चहाच्या आधी वाचून काढ. मग पाळी सोडणाऱ्या ऑपरेटरला, तो तुझ्याहून कमी शिकलेला असला तरी, अहोजाहो करून एवढंच विचार: ‘दादा, काय अर्धवट राहिलं आहे?’ तो सांगेल ते त्याच्यासमोरच लिहून घे.