सिगारेट सोडण्याची औषधं: अमेरिकेत खिशाला किती चाट?

अमेरिकेत नोकरीतून किंवा मार्केटप्लेसमधून घेतलेला विमा असेल, तर बहुतेकांना ही औषधं फुकट मिळायला हवीत. ओबामाकेअरखालच्या २०१४ च्या सूचनेनुसार वर्षातून दोन प्रयत्न आणि दर प्रयत्नाला ९० दिवसांचं औषध मिळतं. त्यासाठी ना कोपे (खर्चातला तुमचा वाटा), ना विमा कंपनीची पूर्वपरवानगी.

तरीही पैसे कुठे जातात?

निकोटिनचे पॅच, गम आणि लॉझेंज दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात आणि तिथेच फसायला होतं. फळीवरून डबा उचलून थेट काउंटरवर नेलात, तर पूर्ण किंमत मोजावी लागते. तोच डबा डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर घेतला, तर विम्यात बसतो. सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या औषधाची जेनेरिक गोळी २०२१ पासून मिळते, तेव्हा चिठ्ठीवर जेनेरिकच लिहून घ्या. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सला मात्र हा नियम लागू नाही.

विमा नसेल, तर १-८००-७८४-८६६९ वर फोन करा. तो तुमच्या राज्याच्या सेवेला जोडला जातो. समुपदेशनाला पैसे पडत नाहीत. अनेक राज्यं पॅच किंवा गमही मोफत देतात, पण किती आठवड्यांचा ते विचारून घ्या.

'मी चारच ओढतो'

सिगारेटी थोड्या म्हणजे औषधाची गरज नाही, असं नसतं. कृष्णवर्णीय अमेरिकनांचंच बघा: ते गोऱ्यांपेक्षा सरासरीने कमी सिगारेटी ओढतात आणि सोडायचा प्रयत्न जास्त वेळा करतात. यश मात्र त्यांना कमी येतं, आणि औषधं घेण्याचं प्रमाणही कमी आहे. त्यांच्यात अनेकांच्या शरीरातून निकोटिन सावकाश बाहेर पडतं, एकेका सिगारेटमधून ते जास्त ओढलं जातं, शिवाय मेंथॉलचा पगडा मोठा. तरी दिवसाला दहाच्या आत ओढणाऱ्यांना जुन्या औषधचाचण्यांत सहसा घेतच नसत.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅन्सस सिटीतल्या ५०० कृष्णवर्णीयांवरच्या चाचणीत रोज ओढणारे सगळे घेतले, मग सिगारेटी कितीही असोत. २६ आठवड्यांनी व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांपैकी १५.७ टक्के सिगारेटमुक्त होते, नुसतं समुपदेशन आणि बिनऔषधी गोळी मिळालेल्यांपैकी ६.५ टक्के.

म्हणून डॉक्टरांना फक्त आकडा सांगू नका. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटते का, तेही सांगा. पेटत असेल तर गम ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. फिट येण्याचा त्रास असेल तर बुप्रोपिऑन ही सिगारेट सोडण्याची दुसरी गोळी चालत नाही, हेही आधीच बोला.

दुसरा प्रयत्न हक्काचा

औषध घेऊनही बरेच जण पुन्हा ओढू लागतात, हे वरच्या आकड्यांतच दिसतं. तसं झालं तर वर्ष सरायची वाट पाहू नका. दुसऱ्या ९० दिवसांची चिठ्ठी मागा, आणि फार्मसीने कोपे लावला तर पैसे भरण्याआधी विमा कंपनीला फोन करा.