जवसाची चटणी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

टेंभुर्णीचा परिसर मूळचा ज्वारीचा. उजनीच्या पाण्यावर आता ऊस वाढला, तरी भाकरीबरोबरची जवसाची चटणी टिकून आहे. "या चटणीने कोलेस्टेरॉल उतरते, मग गोळ्या कशाला?" असे एखाद्या आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकले असेल. यात तथ्य किती, ते पाहू.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. चमचाभर जवस अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पाणी बुळबुळीत झालेले आढळेल. बियांच्या सालीतील विद्राव्य तंतुमय पदार्थाचा हा गुण.

आता शरीरात काय घडते? यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती आतड्यात स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करतात आणि बहुतांशी पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. चिकट तंतूंत अडकलेली पित्ताम्ले मात्र मळावाटे बाहेर पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते.

तर्क पटण्याजोगा आहे. पण विज्ञानात मोजमाप हवे. २००९ साली २८ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. जवसाचे बी खाणाऱ्यांत एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल दर १०० मिलिलिटर रक्तात सरासरी सुमारे ६ मिलिग्रॅमने उतरले. जवसाच्या तेलाने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तेलात तंतू नसतात, हे ध्यानात घ्या! म्हणजे गुण तेलापेक्षा बियांच्या उरलेल्या भागात असावा.

आता थोडे गणित करू. एखाद्याचे एलडीएल १६० असेल, तर ६ ने उतरून ते १५४ होईल. स्टॅटिन गटातील नेहमीच्या गोळ्यांनी ते साधारण ३० टक्के किंवा अधिक उतरते, म्हणजे ११२ च्या आसपास येते. शिवाय अनेक चाचण्यांत रोज ३० ग्रॅमच्या आसपास जवस दिले होते. पानातली चमचाभर चटणी त्याच्या कितीतरी कमी भरते.

तेव्हा आजोबांना सांगा : चटणी अवश्य खा; पण मीठ बेताचे घाला आणि जवस भाजून बारीक कुटा, कारण अख्खे बी पुष्कळदा न पचताच बाहेर पडते. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चटणी ही औषधाची सोबतीण आहे, त्याची जागा घेणारी नव्हे.

जाता जाता एक प्रश्न : घाण्यावरच्या जवसाच्या पेंडीने कोलेस्टेरॉल उतरेल की नाही? वरील माहितीवरून सकारण उत्तर लिहा.