विनंतीतील अनुल्लेखित श्रोता

मराठीत सौजन्यदर्शक शब्दांची वानवा आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. 'कृपया' हा शब्द फलकांवर व उद्घोषणांत आढळतो. घरात तो उच्चारल्यास ऐकणाऱ्याला रुसव्याचीच शंका येईल. मराठीचे सौजन्य सुट्या शब्दात नव्हे, तर क्रियापदात वसते. 'पाणी दे' वा 'पाणी द्या' यांपैकी एक रूप निवडताच वक्ता श्रोत्याचा दर्जा ठरवून मोकळा होतो. तटस्थ राहण्याची मुभा आज्ञार्थ देत नाही.

ती मुभा 'पाणी मिळेल का?' या रचनेत आहे. येथे क्रियापदाचा अन्वय 'पाणी' या नामाशी लागतो. देणारा वाक्यातून नाहीसा होतो. ब्राऊन आणि लेव्हिन्सन (१९८७) यांच्या मते अशी व्यक्तिनिरपेक्ष रचना श्रोत्यावरील दडपण कमी करते. प्रामुख्याने इंग्रजी, तमिळ व त्सेल्ताल या भाषांवर आधारलेली त्यांची मांडणी येथवर उपयोगी पडते. पुढे मात्र अडचण आहे. 'जरा बाजूला व्हायचं', 'उद्या लवकर यायचं' ही रूपेही 'तू-तुम्ही' टाळतात. वयाने ज्येष्ठ अशा सफाई कामगारास 'तू' म्हणणे प्रशस्त वाटत नाही आणि 'तुम्ही' ओठांवर येत नाही, तेव्हा काही सुशिक्षित घरांत नेमकी हीच रूपे ऐकू येतात. येथे टाळला जातो तो आदर. त्याच घरात पाहुण्यास 'आता जेवायचं ना?' असे विचारले जाते, तेव्हा तेच रूप जवळीक दर्शविते. पण त्या पाहुण्यास 'अहो' ही हाक आधीच मिळालेली असते.