स्थानवंदन : पोथीच्या आधारे पैठणचा फेरा

पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर हे गाव आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथे असतो. देवासाठी चालणे म्हणजे काय, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. येथील काही वासनिक मंडळी पैठणच्या स्थानवंदनास निघण्याच्या विचारात होती. त्यांपैकी एका वृद्ध बाईंनी विचारले, “बाबा, पंढरीला गेले की विठोबाच्या पायांवर डोके ठेवता येते. पैठणला आपण डोके कोठे ठेवायचे?” सूत्रपाठाचा अभ्यास असलेल्या एका तरुणाने लगेच दुसरी शंका काढली, “क्षेत्री जाऊ नये, असे शास्त्र असता हा प्रवास तरी कशाला?” या दोन प्रश्नांच्या निमित्ताने स्थानवंदनाचा विचार येथे मांडला आहे.

स्थान म्हणजे काय

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी उत्तरापंथे गमन केल्यावर साधकाला सन्निधान उरले नाही. अशा असन्निधानाच्या काळात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चौघांचा आधार सांगितला आहे. त्यांत स्थान म्हणजे परमेश्वर अवताराच्या चरणांचा संबंध ज्या भूमीस घडला ती भूमी. संबंध हे तिच्या थोरवीचे एकमेव कारण. देऊळ भव्य आहे, नगर प्राचीन आहे, नदी पवित्र मानली जाते, यांपैकी कोणत्याही गोष्टीने जागा ‘स्थान’ होत नाही. एखाद्या पडक्या पडवीचा कोपरा स्थान असू शकतो आणि शेजारचा सुवर्णकळस स्थान नसू शकतो.

शंका आणि समाधान

शंका : मातापूर, कोल्हापूर यांसारख्या ठिकाणी जाऊ नये, अशी आज्ञा आहे. भिक्षुकाला तर नित्य अटन सांगितले आहे. कोणत्याही गावाचा पाश त्याला नको. मग स्थानाची ओढ हा पाशच नव्हे काय?

समाधान : जेथे देवतेचा अभिमान आहे आणि साधकाला अंतराय होण्याचा संभव आहे, अशा क्षेत्रांविषयी तो निषेध आहे. स्थानवंदनाचा हेतू निराळा आहे. साधक तेथे क्षेत्राचे पुण्य जोडावयास जात नाही, परमेश्वराची लीला आठवावयास जातो. मूर्ती, नाम, लीला आणि चेष्टा यांच्या स्मरणाला स्थान हे साहाय्य आहे. वंदन झाले, स्मरण झाले, की पुढे निघावे. स्थानी रेंगाळून तेथील सोयींची, मानपानाची, ओळखीपाळखीची गोडी लागली, तर मात्र तरुणाची शंका खरी ठरते. म्हणून स्थानवंदन आणि अटन यांत विरोध नाही. विरोध आसक्तीशी आहे.

पोथीची रीत

परंपरेने मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली ‘स्थानपोथी’ ही चौदाव्या शतकातील. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून प्रसिद्ध केल्यामुळे सर्वांना वाचावयास मिळते. तीत वर्णनाचा फुलोरा नाही. गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आत चौकात किंवा पट्टीशाळेत कोणत्या बाजूस कोणते स्थान, अशा क्रमाने ती वाचकाला बाहेरून आत नेते. हाताला धरून चालवावे तशी ही भाषा आहे.

यातील शब्द आधी समजून घ्यावेत. अवस्थान म्हणजे काही काळाचा मुक्काम. वसती म्हणजे रात्रीचा मुक्काम. आसन म्हणजे बसण्याची जागा, आरोगणा म्हणजे भोजन, पहुड म्हणजे निद्रा, मर्दना म्हणजे अंग चोळणे, विहरण म्हणजे फिरावयास जाणे. परिश्रयाची, म्हणजे लघुशंकेची, जागासुद्धा पोथीने नोंदविली आहे. नवख्या वाचकाला याचे नवल वाटते. परंतु ज्यांनी ही नोंद केली, त्यांच्या दृष्टीने प्रभूंच्या संबंधातली एकही जागा क्षुल्लक नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोथीत देवदेवतांच्या देवळांची नावे येतात ती खुणेसाठी. नमस्कार त्या देवतेला नसून त्या आवारात घडलेल्या लीलेच्या जागेला आहे.

पैठणचा फेरा

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. नगर गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. आपल्या ग्रंथांत ‘गंगा’ असा शब्द आला की तेथे ही गोदावरीच समजावी. अन्यथा दिशांचा घोटाळा होतो.

आजचा यात्रेकरू पैठणास उतरला की प्रथम एकनाथ महाराजांचा वाडा आणि समाधी विचारतो. नाथ सोळाव्या शतकातले. आपल्या प्रभूंचे पैठण त्याहून सुमारे तीनशे वर्षे आधीचे आणि स्थानपोथीही नाथांच्या पूर्वीची. म्हणून आजच्या खुणांवरून पोथीतील जागा शोधू नये. आधी नदी पाहावी, पूर्व दिशा निश्चित करावी, मग पोथी उघडावी.

निघण्याच्या आदल्या रात्री लीळाचरित्रातील पैठणच्या लीळा वाचाव्यात. बाइसा या पैठणच्याच. येथे त्यांना प्रभूंचे सन्निधान लाभले आणि पुढे त्यांनी सेवेत अंतर पडू दिले नाही. भोगनारायणाच्या देवळी प्रभूंचे अवस्थान होते. तेथे उभे राहिल्यावर केवळ ‘येथे प्रभू होते’ एवढे म्हणून भागत नाही. कोण आले, काय विचारले, प्रभूंनी काय निरूपिले, बाइसा त्या वेळी काय करीत होत्या, हे क्रमाने आठवावे. एकाने लीळा सांगावी, बाकीच्यांनी ऐकावी. मग दंडवत घालून निघावे. एका दिवसात सर्व स्थाने उरकण्याची घाई करू नये. लीळेसह केलेली दोन वंदने ही लीळेवाचून केलेल्या वीस वंदनांहून श्रेष्ठ.

न सापडलेले स्थान

देवळे पडतात, वस्त्या सरकतात, नदी काठ बदलते. पैठणच्या वरच्या अंगास जायकवाडीचे धरण झाले. १९६५ मध्ये त्याचा पायाभरणी समारंभ आणि १९७६ मध्ये उद्घाटन झाले, आणि नाथसागराच्या पाण्याखाली गोदातीरावरची अनेक गावे गेली. अशा वेळी साधकापुढे मोह उभा राहतो : अंदाजाने एखादा ओटा बांधावा आणि हेच स्थान म्हणावे.

हा मोह टाळावा. चुकीच्या जागी ओटा बांधला तर पुढची पिढी त्यालाच प्रमाण मानील आणि खरी जागा कायमची लोपेल. पोथीतील दिशा जुळत नसतील तर ‘जुळत नाहीत’ असे स्पष्ट बोलावे, जाणत्यांस विचारावे, आणि जेथवर खात्री आहे तेथून नमस्कार करावा. याबाबत म्हाइंभटांचा आदर्श आहे. लीळा गोळा करताना ज्याने जे पाहिले वा ऐकले, त्याच्यापाशी जाऊन त्यांनी विचारले. मनाची भर घातली नाही. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी खालशाच्या धाडीत ग्रंथ गेले, तेव्हा ज्यांना ते पाठ होते त्यांच्या मुखातून ते पुन्हा उभे राहिले. त्यात पाठभेद झाले, आणि पाठभेद म्हणूनच ते जपले गेले. ग्रंथाच्या बाबतीत पूर्वजांनी जो प्रामाणिकपणा राखला, तोच आपण जमिनीच्या बाबतीत राखावा.

उपसंहार

आता त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाकडे वळू. डोके कोठे ठेवायचे? जेथे प्रभू बसले, निजले, जेवले, चालले त्या मातीवर. तेथे पाहण्यासारखे काही नसेल. कदाचित एक ओटा, कदाचित तोही नाही. लीळा आठवत असेल तर ती जागा रिकामी नाही, आणि आठवत नसेल तर गाभाऱ्यासमोर उभे राहूनही हाती काही लागत नाही. म्हणून मंडळींनी शिदोरी बांधण्यापूर्वी लीळा पाठ करावी. ज्यांचे पाय आता चालत नाहीत, त्यांनीही खेद करू नये. पोथी उघडावी, पूर्वेकडे तोंड करून बसावे, आणि गावाच्या वेशीपासून आसनापर्यंत एकेक पाऊल मनाने टाकावे.

दंडवत प्रणाम.