अजगराचा आहार आणि घरातील मूल

परदेशी मुलांकडे निघालेले आजी-आजोबा आम्हाला बहुधा नातवंडांच्या लसींविषयी विचारतात. गेल्या वर्षी एका आजींनी निराळाच प्रश्न केला. "डॉक्टर, अमेरिकेत जावईबापूंनी बर्मी अजगर पाळला आहे आणि नात जेमतेम दोन वर्षांची. तिथे मी काय सांभाळू?"

मला फ्लॉरिडातील २००९ ची घटना आठवली. साडेआठ फुटी बर्मी अजगर रात्री काचपेटीतून निसटला आणि दोन वर्षांची बालिका पाळण्यातच दगावली. पेटीला झाकण म्हणून गोधडी होती. सुमारे महिनाभर त्याला खाद्य मिळाले नव्हते. बालिकेची आई व तिचा सहचर यांना २०११ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले.

अजगराच्या ठायी द्वेष नसतो, तशी मायाही नसते. ओठांवरील खळग्यांनी त्यास ऊब कळते, जिभेच्या साहाय्याने गंध. उंदराचा वास लागलेला उबदार हात त्याच्या लेखी उंदीरच! म्हणून मारून गोठविलेले भक्ष्य पूर्ण वितळवून लांब चिमट्यानेच द्यावे. त्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाहून फारशी अधिक नसावी. मोठ्या अजगराला एकट्याने कधीही खाऊ घालू नये; दुसरा सशक्त प्रौढ जवळ हवा आणि मूल बंद दाराआड. विळखा पडलाच तर शेपटीकडून सोडवावा. बोआने उंदरांना घातलेल्या विळख्याच्या २०१५ मधील अभ्यासात काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडलेले आढळले. श्वास कोंडण्याची वाटसुद्धा पाहावी लागत नाही.

भोजनोत्तर निदान दोन दिवस त्यास उचलू नये, अन्यथा तो भक्ष्य ओकून टाकतो. (या काळात बर्मी अजगराच्या हृदयाची जवनिका सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, हे २००५ चे संशोधन आपल्या हृदयरोगतज्ज्ञ मित्रांना रुचावे.)

बालरोगतज्ज्ञास याहून नित्याची चिंता साल्मोनेलाची. गोठविल्याने हा जंतू मरत नाही. म्हणून उंदीर स्वयंपाकघरात वितळवू नयेत, दुधाच्या बाटल्या धुण्याच्या मोरीत पेटीची भांडी विसळू नयेत. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरी सरपटणारा प्राणी नसावा, असाच अमेरिकी आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे.

आपल्याकडे भारतीय अजगर घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्धच आहे.

आजींनी हे सारे लेकीला कळविले. अजगर आता कुलूपबंद खोलीत आहे. तो घराबाहेर जावा, असे मी जावईबापूंना लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.