थेंबाथेंबाने गळणारी माहिती

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी अनोळखी माणसाला घरचा पत्ता सांगणार नाही, याची आपल्याला खात्री असते. परंतु इंटरनेटवर पत्ता विचारावा लागतोच असे नाही. गणवेशावरील बिल्ल्यावरून शाळा कळते. वाढदिवसाच्या केकवरून वय आणि जन्मतारीख कळते. सगळीकडे एकच टोपणनाव वापरले, तर या गोष्टी एकमेकींशी जोडता येतात. मोबाईलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंदही दडलेली असू शकते. २०१८ साली स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उमटल्या आणि लष्करी तळ ओळखू आले. मग मुलांची रोजची वाट कितीशी लपणार?

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा फोटो नाव-गावासह आपणच टाकतो, हेही ध्यानात घ्यावे. मुलांची खाती खाजगी ठेवावीत, कॅमेऱ्याचे लोकेशन बंद करावे, फोटो टाकण्यापूर्वी मुलांना विचारावे.

कोणी धमकावल्यास मुलांवर रागावू नये. ओरडा बसेल म्हणून मुले गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याला तेच हवे असते. आलेले संदेश पुसू नयेत. पोलिसांना कळवावे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करावा.